शुक्रवारचे उंदीर

भिवंडीजवळ दापोड्याच्या त्या प्रयोगशाळेत सर्वांत कमी शिकलेला माणूस हिराजी होता. सर्वांत कमी चुकणाराही तोच होता. या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे तेथील विद्वानांना अखेरपर्यंत पटले नाही.

माझा त्या जागेशी संबंध कायद्यामुळे आला. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला एक समिती नेमावी लागते. तीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो आणि एक सदस्य शास्त्राबाहेरचा, सामाजिक जाणीव असलेला लागतो. मी अंजूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो होतो, दुपारी मोकळा होतो आणि माझी सही सुवाच्य होती. तेवढ्यावर माझी सामाजिक जाणीव सिद्ध झाली.

प्रयोगशाळा म्हणजे गोदामाचे दोन गाळे. पुढे रस्त्यावर कंटेनरांची रांग. मागे भिंतीला भिंत लावून यंत्रमागांची एक जुनी शेड. भोवतीची शेते गोदामांनी खाल्ली, शेड तेवढी उरली होती. तिची खडखड भिंतीतून येई आणि टेबलावरच्या चहावर बारीक लाटा उठत.

तेथे मनाच्या गंभीर आजारांवरची औषधे तपासली जात. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, ज्याला शेजारी आपल्या ताटात विष कालवतो असे वाटते, अशा रुग्णाला ही औषधे देतात. आवाज थांबतात. परंतु जुन्या औषधांनी पुष्कळदा शरीरही थांबते. हातपाय ताठरतात, पाऊल उचलत नाही, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. म्हणून नवे औषध निघाले की ते प्रथम उंदराला देतात आणि उंदीर किती थांबतो ते मोजतात.

मोजण्याची रीत साधी आहे. चार बोटे उंचीवर एक आडवी दांडी. उंदराचे पुढचे दोन पाय तिच्यावर ठेवायचे. औषध न घेतलेला उंदीर ते अवघड आसन लगेच सोडतो. औषधाने ताठरलेला उंदीर ठेवला तसा राहतो. पाय खाली येईपर्यंतचे सेकंद लिहायचे आणि तीन मिनिटे झाली की आपणच त्याला उतरवायचे. दुसरी एक चाचणी घंटेची होती. घंटा वाजते, मग पायाखालच्या जाळीतून विजेचा सौम्य झटका बसतो. काही दिवसांत उंदीर नुसती घंटा ऐकून खांबावर चढायला शिकतो. औषध दिल्यावर तो घंटा ऐकूनही बसून राहतो आणि झटका बसला तरच चढतो. तसे झाले की औषध गुणकारी. मी संचालकांना सांगितले की असे विद्यार्थी माझ्या शाळेत औषधाशिवाय होते. संचालक डॉक्टर सरपोतदार विनोदाला वेळ देत नसत. त्यांनी मला बिस्कीट दिले.

उंदरांना दांडीवर ठेवून सेकंद लिहिण्याचे काम हिराजीकडे होते.

हिराजी माझा विद्यार्थी. आठवीत असताना तो फळ्याकडे न पाहता छताच्या पंख्याकडे पाहत बसे. मी कारण विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, येक पातं हलकं चालतंय." मी त्याला दोन छड्या दिल्या. पुढच्या आठवड्यात पंखा पडला. वर्ग रिकामा होता, हे माझे नशीब. त्याच वर्षी तो शाळा सोडून मागावर गेला. बिघडलेले माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून त्याने वीस-बावीस वर्षे काढली. शेठने माग भंगारात काढले, तेव्हा तो प्रयोगशाळेत पिंजऱ्यांच्या कड्या नीट करायला आला आणि तेथेच राहिला. उंदीर त्याला चावत नसत. पदवीधरांना चावत.

त्याचे नियम त्याने स्वतः केलेले होते. वासाचा साबण नाही. केसांना तेल नाही. उंदराला वास त्रासतो म्हणून तंबाखूही सोडली. त्याची बायको एकदा माझ्यादेखत म्हणाली, "पंचवीस वर्सं मी बोलत होते, तवा न्हाय सुटली. उंदरांनी न बोलता सोडवली." हिराजीने यावर मान हलवली. त्याला ते म्हणणे योग्य वाटले असावे.

उंदरांना तो शेठ म्हणे. "चला शेठ, दांडीवर बसा." मी त्याबद्दल विचारले.

"बसून खातात, काम करत न्हाईत, दुसरे त्यांची घान काढतात. मंग शेठ न्हाय तर काय?"

आमच्या भागात गोदामांना जमीन भाड्याने देऊन बसलेल्यांना हीच पदवी आहे. त्यामुळे मी पुढे विचारले नाही.

एकदा उंदीर दांडीवर गेला की मात्र तो एक शब्द बोलत नसे, श्वासही जपून घेई. माझ्या सेवाकाळात परीक्षेचे पर्यवेक्षण इतके गांभीर्याने करणारा शिक्षक मी पाहिला नाही.

आता त्याच्या डोळ्याविषयी. या प्रयोगांत औषधाच्या बाटल्यांवर नाव नसते. क, ख, ग अशी अक्षरे असतात. कोणत्या अक्षरात पाणी, कोणत्यात जुने औषध, कोणत्यात नवे, हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. त्याची इच्छा आकड्यांत उतरू नये हा हेतू. व्यवस्था चोख होती. अडचण एवढीच की हिराजीला बाटली न पाहता कळे. पिंजऱ्यातून दोन पावले टाकणारा उंदीर पाहून तो सांगे, "ह्यो जुन्या औषधाचा. ह्यो पान्याचा." संचालकांनी गुप्त यादी उघडून ताळा घेतला. एकही चूक निघाली नाही.

"तुला कसे कळते?" संचालकांनी विचारले.

"चालीवरून, साहेब. मागात सूत घेऊन पळणारा धोटा अडकायच्या आधी चाल बदलतो. तसंच."

"मग यापुढे चाल पाहायची नाही."

"मी बघत न्हाय साहेब. दिसतंय."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली: निरीक्षकाने तक्त्यात विचारले आहे तेवढेच निरीक्षण करावे. खाली संचालकांची सही व शिक्का. हिराजीने ती वाचली आणि तिरकी लागलेली सरळ केली.

त्याच्या घरी मी एकदाच गेलो. खाडीच्या बाजूचे दोन खोल्यांचे घर. आत खाटेवर त्याचा धाकटा भाऊ पांडुरंग बसला होता. तोही माझ्या शाळेतला. दोन मजले खालून ऐकू येईल असे हसणारा मुलगा. पुढे मागावर कारीगर झाला. तेथे खडखडीत कोणीतरी आपल्याला नावाने हाका मारते असे त्याला वाटू लागले. एके दिवशी त्या हाकेमागे तो खाडीत उतरला. लोकांनी काढले. तेव्हापासून गोळ्या चालू झाल्या.

वहिनीने त्याच्या हातात चहाचा कप दिला. कप छातीपर्यंत आला आणि थांबला. पांडुरंगाची नजर माझ्यावर होती. मला ओळखल्याचे त्या नजरेत दिसत होते. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हते. हिराजी माझ्याशी बोलता बोलता उठला, त्याने दोन बोटे भावाच्या कोपराखाली लावली, आणि कप ओठांना लागला.

"हाका बंद झाल्या, गुरुजी," हिराजी म्हणाला. "पन हा बी बंद झाला. गोळी सोडायची न्हाय. सोडली तर खाडी हाय. डॉक्टर बोलतात, दोनातलं येक घ्या."

थोड्या वेळाने त्याने आवाज उतरवला. "आपल्याकडं नवं औषध येतंय. हाका बंद करतं आनि अंग मोकळं ठेवतं, असं साहेब बोलले."

त्याच्या बोलण्यात मला आशा ऐकू आली. ती मी शाळेत कधी ऐकली नव्हती. तेथे तो उत्तर आधीच पाहून ठेवत असे.

नवे औषध आले. त्याच सुमारास संचालकांनी एक सुधारणा केली. चाचणीची जागा शांत असावी असा नियम आहे, आणि आमच्याकडे तर दांडीच थरथरत होती. भिवंडीत मागांना शुक्रवारी सुट्टी असते. तेव्हा सर्व चाचण्या शुक्रवारी घ्याव्यात असा ठराव आला. समितीने तो एकमताने मंजूर केला. त्यावर माझी सही आहे. शांततेला हरकत घेण्याचा मला सराव नव्हता.

चार शुक्रवारांनी आकडे तयार झाले. जुन्या औषधाचे उंदीर नेहमीप्रमाणे पुरी तीन मिनिटे बसले. नव्या औषधाचे दोन-अडीच मिनिटे. पाणी घेतलेले उंदीरही दोन-अडीच मिनिटे. नवे औषध आणि पाणी यांत फरक नाही, म्हणजे नव्या औषधाने शरीर ताठरत नाही, असा निष्कर्ष निघाला. पशुवैद्यांनी विचारले की नुसते पाणी पिऊन उंदीर दोन-अडीच मिनिटे कसा बसतो. संचालक म्हणाले की उत्तम निगेमुळे आपले प्राणी मूळचेच संयमी आहेत. भिवंडीत संयम कोठेतरी आढळला याचा सर्वांना आनंद झाला.

आणखी एका गोष्टीचा आनंद झाला. या वेळी हिराजीला कोणता उंदीर कोणत्या बाटलीचा ते सांगता आले नव्हते. सर्व प्रयत्न करून जो निरीक्षक शास्त्राच्या अर्थाने आंधळा होत नव्हता, तो अखेर झाला, असे संचालक म्हणाले. केक कापला गेला. हिराजीला उत्कृष्ट निगेचे प्रमाणपत्र मिळाले.

त्या संध्याकाळी आम्ही एकाच रिक्षाने अंजूरला परतलो. प्रमाणपत्र त्याच्या मांडीवर होते.

"गुरुजी, ही बाटली दुकानात कवा येनार?"

"वर्षे लागतील. आधी दुसरे प्राणी, मग निरोगी माणसे, मग रुग्ण."

"पांडू थांबंल," तो म्हणाला. "थांबायचं त्याला जमतं."

तो हसला नाही. मीही नाही.

पुढच्या शुक्रवारनंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. रिक्षात पुढे, चालकाशेजारी बसू लागला. वर्गात काही फुटले की अपराधी नसलेला मुलगाही असा वागतो, हे मला ठाऊक होते.

अहवाल मंजूर करण्यासाठी समिती बसली. औषध कंपनीला अहवाल त्याच आठवड्यात हवा होता आणि नियमाप्रमाणे माझ्या सहीशिवाय तो जात नव्हता. हिराजीला आत बोलावले ते कंपनीच्या पाहुण्यांना गुच्छ देण्यासाठी. त्याने गुच्छ टेबलावर ठेवला आणि उभा राहिला.

"साहेब, शुक्रवारचे आकडे खोटे हायेत."

"तू लिहिलेस ना ते?"

"मीच लिवले. घड्याळात होते तेच लिवले. उंदीर खोटे बसले."

संचालकांनी चष्मा काढला. "हिराजी, ही समिती आहे."

"म्हनून तर बोलतो साहेब. बाहेर बोलून काय उपेग?"

त्याने सांगितले ते असे. गेल्या शुक्रवारी पिंजरे धुताना, औषध देण्याच्या पुष्कळ आधी, त्याने एका उंदराचे पाय सहज पिंजऱ्याच्या कडेवर ठेवले. उंदीर तसाच राहिला. दुसरा ठेवला, तोही राहिला. ना पाणी, ना औषध.

"उंदरांना आता वार कळू लागले काय?" पशुवैद्य म्हणाले. दोघे-तिघे हसले.

"वार न्हाय कळत, साहेब. बंद कळतो. हे सगळे हितंच जल्मले, मागाच्या भिंतीला. त्यांना खडखड म्हंजे सगळं बरं हाय. शेडमधे चालता माग येकदम बंद झाला की आमी बी हात वर धरून उभे राहायचो. कोनाचा हात सापडला, कोनाला करंट लागला, कळंपर्यंत हलायचं न्हाय. तसे हे शुक्रवारी भ्यालेले असतात. भ्यालेला आनि औषधाचा, दांडीवर सारखाच दिसतो. म्हनून मना चाल वळखली न्हाय. मी आंधळा न्हाय झालो साहेब. कोन चाललंच न्हाय."

संचालक म्हणाले, "तुला हे कोणी विचारले होते?"

"मी विचारतो," मी म्हणालो. समितीत मी तोंड उघडले ते पहिल्यांदाच. "चाचणी बुधवारी करून पाहावी. माग चालू असताना."

"नियमात आवाज चालत नाही, सर."

"मग माझी सही पुढच्या सोमवारी घ्या. किंवा मंगळवारी."

चाचणी बुधवारी ठरली. माझ्या तत्त्वनिष्ठेचा त्यात वाटा नव्हता. दुसरा सामाजिक जाणीव असलेला सदस्य इतक्या लवकर मिळण्यासारखा नव्हता.

बाहेर जिन्यात मी हिराजीला थांबवले. "बुधवारी काय होईल ते तुला दिसते आहे?"

"न्हाय," तो म्हणाला. "नवं औषध खरंच बरं बी असंल. पान्याचे पटकन उतरले आनि त्याचे बी पटकन उतरले, तर मी साहेबांची माफी मागीन. पाया पडून मागीन."

"आणि गप्प बसला असतास तर?"

"तर ही गोळी पांडूला मीच आनून दिली असती, गुरुजी. दोन्ही हातांनी. मंग तो ह्यापेक्षा जास्त बंद झाला असता, तर?"

बुधवारी मी भिंतीशी स्टुलावर बसलो. पलीकडे माग चालू होते. पिंजऱ्यांत उंदीर सरसर फिरत होते. संचालक, पशुवैद्य आणि कंपनीचे एक गृहस्थ काचेबाहेर उभे होते. अक्षरे पुन्हा नवी दिली होती.

पहिला उंदीर दांडीवर ठेवताच खाली उतरला. दुसराही. हिराजीने आकडे लिहिले. मग जुन्या औषधाचे आले, हे मलाही कळले. ते दगडासारखे बसले आणि तीन मिनिटांनी त्याने एकेकाला उचलून ठेवले. नंतर तो तिसऱ्या पिंजऱ्याकडे गेला. दार उघडले. आत पाहत तो नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मी समजलो की त्याला दिसले.

त्याने उंदीर आणला. पाय दांडीवर ठेवले. घड्याळ दाबले.

उंदीर उतरला नाही. मिनिट गेले. दुसरे गेले. हिराजीचा उजवा हात मांडीवरून उठला आणि उंदराच्या कोपराजवळ गेला. दोन बोटे पुढे होती. नुसता स्पर्श झाला असता तरी ते पाय खाली आले असते, आणि काचेबाहेरून कोणाला कळले नसते. मी पाहत होतो हे त्याला ठाऊक होते, पण त्याला माझी भीती कधीच नव्हती. हात तेथे थोडा वेळ थांबला. मग मांडीवर परत आला.

त्याने आकडा लिहिला. पुढचा उंदीर आणला. असे आठ. त्या गटातला एकही दोन मिनिटांआधी उतरला नाही. शेवटचा आकडा लिहून त्याने पेनाचे टोपण लावले, तक्ता माझ्याकडे दिला आणि पिंजऱ्यांत पाणी भरू लागला.

संस्थेने नंतर जे केले ते संस्था करतात तेच. अहवालात नवे औषध जवळजवळ जुन्याइतकेच शरीर ताठरवते हे एका ओळीत आले आणि त्याखाली वातावरणीय घटकांवर बारा पाने आली. कंपनीने औषध मागे घेतले. संचालकांनी शांततेचा प्राण्यांवरील परिणाम या विषयावर एका परिषदेत व्याख्यान दिले. ते उत्तम झाले, असे तेच सांगत. शेवटच्या चित्रावर तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार होते. भिंतींना आवाज शोषणारे जाड फोम लागले. त्यामुळे आता उंदरांना आठवड्याचे सातही दिवस शुक्रवार झाला. मी हे लेखी कळवले. पोच मिळाली.

पुढे निरीक्षकाला विज्ञानाची पदवी हवी असा नियम निघाला. हिराजीला निरोप देताना संचालक भावनावश झाले होते. हिराजी झाला नाही. तो पूर्णा गावच्या एका गोदामात माल चढवणाऱ्या पट्ट्यांची देखभाल करू लागला. मीही सदस्यत्व सोडले. माझ्या जागी एक बांधकाम व्यावसायिक आले. त्यांनाही दुपारी वेळ असतो.

त्यानंतर हिराजीला मी एकदाच जवळून पाहिले. अंजूरच्या रिक्षा थांब्यावर सकाळी तो भावाला घेऊन उभा होता. भिवंडीच्या सरकारी दवाखान्याचा दिवस असावा. रिक्षात मागे दोघे बसलेले होते, जागा एकाची. हिराजी पुढे बसणार होता. पांडुरंगाने एक पाय उचलून आत ठेवला आणि दुसरा जमिनीवरच राहिला. एक हात दांड्याला, देह अर्धा आत, अर्धा बाहेर.

चालकाने इंजिन वाढवले. "चल भाई, बैठ. धंदे का टाइम हाय."

आतली बाई म्हणाली, "अरे, उचलून घ्या ना त्याला आत."

हिराजी मागे उभा होता. त्याने हात लावला नाही.

"थांबा," तो म्हणाला. "आज तो आपल्याच पायानं येतो बोललाय."

"कधी बोलला?"

"सकाळी. घरातून निघताना. स्वतःहून बोलला."

चालकाने आरशात पाहिले आणि इंजिन बंद केले. मागची एक रिक्षा हॉर्न वाजवून पुढे निघून गेली. पांडुरंगाच्या पोटरीत काहीतरी हलले, मग टाच उठली, मग टाच पुन्हा टेकली. हिराजी त्या पायाकडे पाहत होता. त्याच्या तोंडातून एक शब्द आला नाही.

पाय आत गेला, तेव्हा बाईने सरकून जागा दिली. हिराजी पुढे बसला. रिक्षा निघाली. मी पुढची रिक्षा घेतली.